खाडाखोड नसलेल्या वह्या

नाताळ अंकाच्या संपादकबाईंचा फोन आला. म्हणाल्या, "काका, तुम्ही पेनं बनवता त्याबद्दल लिहा ना. हलकंफुलकं, गमतीजमतीचं." मी हो म्हणून बसलो. आता कागद पुढे ओढल्यावर कळतंय की गमतीजमती दोन-चारच आहेत आणि त्या सांगून झाल्या की उरतं ते हलकंही नाही आणि फुलकंही नाही. बाईंनी छापायचं तर छापावं, नाहीतर केराच्या टोपलीत टाकावं. मला राग येणार नाही. हल्ली येत नाही.

नागापूरच्या एमआयडीसीत मी एकतीस वर्षं टर्नर होतो. म्हणजे लेथ मशीनवर लोखंड फिरवायचं आणि धारेच्या टूलने हवं तेवढं कातायचं. रिटायर झाल्यावर हात स्वस्थ बसेनात, म्हणून घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये एक जुनं छोटं लेथ आणून टाकलं आणि लाकडाची पेनं कातायला लागलो. बाभूळ, शिसम, चिंच, मिळेल ते. शहराचं नाव आता अहिल्यानगर झालं, पण लोक विचारत यायचे ते 'नगरचे पेनवाले काका' म्हणूनच. यायचे असं लिहिलं, कारण आता मी पेनं करत नाही. मशीनवर गोणपाट टाकलंय.

धंद्याबद्दल एक गोष्ट आधी सांगतो, कारण ती कोणालाच माहीत नसते. लोक पेन हातात घेतात आणि विचारतात, "कुठलं लाकूड हे?" आजवर एकाही गिऱ्हाइकाने आपणहून विचारलं नाही की आत काय घातलंय. अहो, लिहिते ती रिफिल. लाकूड नुसतं धरायला. हाताने केलेलं पेन आतून बाहेर बनतं. आधी रिफिल ठरवायची, मग तिच्या मापाचं भोक पाडायचं, मग बाहेरून कातायचं. माप अर्ध्या मिलिमीटरने चुकलं तर टोक आतच राहतं, नाहीतर टोपणाला टेकून खिसा निळा होतो. त्यामुळे रिफिल बदलायची म्हणजे पुष्कळदा पेनच नवं करायचं.

आणि रिफिली काय एक प्रकारच्या असतात? साध्या बॉलपेनची शाई तेलकट, घट्ट. दाबल्याशिवाय उतरत नाही, पण एकदा उतरली की पक्की. जेलची शाई पाण्यातली. हात हलका लागतो, अक्षर ठळक येतं, पण पाण्याचा थेंब पडला की गेलं. तिसरी त्याहून पातळ, रोलरची. ती नुसतं टेकवलं की वाहायला लागते. दुकानात गिऱ्हाईक पेन घेऊन काय करतं? सही करतं. सही हा सगळ्यात खोटा नमुना. सही सगळ्यांचीच पळत येते, बंद पडायला आलेली रिफिलही सही उमटवते. मी म्हणायचो, सही नका करू, एक अख्खी ओळ लिहा आणि वर शिरोरेघ द्या. शिरोरेघ ओढताना रिफिलचं सगळं पितळ उघडं पडतं. मध्येच तुटते, नाहीतर सुरुवातीलाच शाईचा गोळा टाकते. लोकांना वाटायचं म्हातारा परीक्षा घेतोय. घेतच होतो.

घोडेगावच्या बैलबाजारातले एक दलाल होते, आप्पा म्हणायचे त्यांना सगळे. त्यांचा आवडता बैल म्हातारा होऊन मेला. त्याच्या शिंगाचा तुकडा घेऊन आले, म्हणाले, "ह्याचं पेन करा. आन् त्ये पोरीबाळींच्या पेनावानी सुळसुळीत चाललं पायजे." मी विचारलं, आप्पा, तुम्ही लिहिता काय? तर म्हणाले, बाजारात पावत्या. खाली कार्बन घालून. मी सांगितलं, कार्बनला दाब लागतो, सुळसुळीत रिफिल तुमच्या कामाची नाही, साधी बॉलची घ्या. ऐकतायत कसले. जेलच पाहिजे. करून दिलं. शिंग कातताना शेडमध्ये केस जळल्यासारखा वास सुटला, आमची मंडळी दोन दिवस नाकाला पदर लावून होती. आठव्या दिवशी आप्पा हजर. "वरची पावती झ्याक येती, खालची कोरी निघती."

"मी सांगितलं होतं ना?"

"व्हय, सांगितलं हुतं. मी न्हाई ऐकलं. आता बदला."

मी त्यांना चांगलं सुनावलं. म्हटलं, माणसाने आधी आपल्याला काय लिहायचंय ते नीट सांगावं, मग रिफिल मागावी. आप्पा निमूटपणे ऐकून घेऊन म्हणाले, "लई तापट हाय तुमी मास्तर." आतलं भोक आवळायला पितळी नळी बसवून दिली मग. त्या दिवशी मला स्वतःचाच फार अभिमान वाटला होता. गिऱ्हाइकाने तोंड उघडायच्या आत त्याची रिफिल कोणती ते मला कळतं, असं मी चारचौघांत सांगत असे.

आता शांताचं सांगतो.

शांता माझी बायको. प्राथमिक शाळेत चौतीस वर्षं बाई होती. तिचं अक्षर असं की मुख्याध्यापक शाळेचा फलक दुसऱ्या कोणाला लिहू देत नसत. आणि तिचा एकच मोठा राग होता, खाडाखोड. शुद्धलेखन चुकलं तर ती समजावून सांगायची, गणित चुकलं तर पुन्हा शिकवायची, पण वहीत खाडाखोड दिसली की पान फाडून सगळं पुन्हा लिहायला लावायची. घरीसुद्धा तेच. किराणाच्या यादीत साबणाच्या आधी चुकून साखर लिहिली तर नवा कागद घ्यायची. मी चेष्टा करायचो, "वाण्याला काय बक्षीस द्यायचंय का यादीला?" ती म्हणायची, "वाण्यासाठी नाही हो, माझ्या डोळ्यांना बोचतं."

तीन वर्षांपूर्वी रविवारी चर्चमध्ये गीत म्हणताना तिचे शब्द घसरायला लागले. आम्हाला वाटलं दाताची कवळी. कवळी बदलली. मग जेवताना ठसका, मग पाणी पितानाही. पुण्याच्या डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या करून सांगितलं की नसांचा आजार आहे. आधी जीभ जाईल, मग हात, मग बाकीचं. औषध नाही. डोकं मात्र शेवटपर्यंत लख्ख राहील. डॉक्टर हे शेवटचं वाक्य दिलासा म्हणून बोलले असावेत. बाहेर आल्यावर शांता बाकावर बसली आणि बोबडं बोबडं म्हणाली, "माझा हात किती दिवस आहे तेवढं विचारायचं राहिलं."

चार महिन्यांत आवाज पूर्ण गेला. मग तिने दोनशे पानी वही काढली आणि आमचं सगळं बोलणं त्या वहीवर सुरू झालं. मी बोलायचो, ती लिहायची. मला खरं सांगायचं तर, त्या काळात मला एक प्रकारचा हुरूप आला होता. लाज वाटते लिहायला, पण आला होता. डॉक्टरांकडे करण्यासारखं काही नव्हतं. माझ्याकडे होतं. हातातली ताकद कमी होत जाणार, म्हणजे कमी कमी दाबावर लिहिणारी रिफिल शोधायची. हे तर माझंच काम.

पहिल्यांदा तिच्या सवयीची बॉलची रिफिल होती. दोन ओळींत तिची बोटं दुखायला लागली. मग जेल घातली, त्यातही टोक जाड घेतलं, कारण बारीक टोक कागदाला रुतून अडतं. पेनही बदललं. बाभळीचं जड होतं, म्हणून पांगाऱ्याचं केलं. पांगारा म्हणजे लाकडात लाकूड नाही इतका हलका. बोटांना चिमटीत धरवेना तेव्हा पकडीची जागा गाजराएवढी जाड ठेवली. मग रोलरची रिफिल आणली. तिला दाब अजिबात लागत नाही. पण शांताला पेन उचलायलाच वेळ लागायचा, आणि जिथे ती थांबायची तिथे शाई पसरून काळा डाग व्हायचा. पहिल्या दिवशी तिने एक ओळ लिहिली, तिच्यात पाच डाग. तिने वही माझ्याकडे ढकलली आणि तोंड फिरवलं. पुन्हा जेल. दर दीड-दोन महिन्यांनी तिचा हात एक पायरी उतरायचा आणि मी शेडमध्ये जाऊन नवीन मापाचं भोक पाडायचो. दिवसाचे सहा-सहा तास मी शेडमध्ये असायचो. शेजारपाजारचे म्हणायचे, "काकांनी बायकोसाठी किती केलं." मलाही तसंच वाटायचं.

हात थरथरायला लागल्यावर अक्षरं चुकायला लागली. वेलांटी भलतीकडे जायची. एकदा तिने लिहिलं, "खाडाखोड फार होते. बघवत नाही." तेवढ्या एका वाक्यात तीन ठिकाणी काट मारलेली होती. ते बघून मी थेट पोपटशेठच्या स्टेशनरीच्या दुकानात गेलो. पोपटशेठ माझा रिफिलींचा जुना दुकानदार. त्याच्याकडे खोडता येणाऱ्या शाईच्या रिफिली होत्या. ही शाई मी तोवर कोणाला दिली नव्हती. तिचं एक तंत्र आहे. मागच्या टोकाच्या रबराने घासलं की कागद जरा गरम होतो आणि गरम झाली की ह्या शाईचा रंग जातो. शाई पुसली जात नाही, जागच्या जागीच असते, फक्त दिसेनाशी होते. असली शाई मी पेनवाला म्हणून हलकी समजत होतो. पण शांतासाठी अगदी नेमकी. रिफिल दोन मिलिमीटरने लांब होती, मागून कापली. पेनाच्या बुडाशी कातून रबराचा मोठा तुकडा बसवला, मुठीत धरून घासता येईल असा.

तिला फार आवडलं. कितीतरी दिवसांनी ती हसली. चुकलं की पेन उलटं करायची, मुठीत धरायची आणि खांद्यापासून अख्खा हात ढकलून सावकाश घासायची. मिनिट-दीड मिनिट लागायचं एकेका ओळीला. मी कधी पलीकडच्या खोलीत असलो तर ते घासणं ऐकू यायचं आणि मला वाटायचं, बाई ऱ्हस्व-दीर्घ सुधारतायत. मग येऊन बघितलं की स्वच्छ ओळ. "दूध तापवा." "मंगलला फोन करा." "आज बरं आहे." दोन वह्या भरल्या अशा. एकाही पानावर काट नाही. मी त्या वह्या पाहुण्यांना दाखवायचो, बघा, अशा आजारात कोणाचं अक्षर राहतं का असं? पाहुणे पेन हातात घेऊन बघायचे. शांता आमच्याकडे बघत असायची.

मग हात गेला. शेवटचे अडीच महिने अक्षरांचा तक्ता आणि डोळ्यांची उघडझाप. त्यात रिफिलचं काही काम नव्हतं आणि मला कळेना आपण करायचं काय. मी नुसता इकडून तिकडे करायचो. थंडी सरता सरता ती गेली.

मे महिन्यात मंगलचा, म्हणजे माझ्या राहुरीच्या मेहुणीचा फोन आला. "दाजी, ताईच्या वह्या एकदा बघू द्या ना. तिचं अक्षर बघावंसं वाटतंय." मी दोन्ही वह्या कापडात गुंडाळून स्कूटीच्या डिकीत ठेवल्या आणि निघालो. मी रिफिलींचा माणूस. ह्या शाईला ऊब सोसत नाही हे मला झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगता आलं असतं. डिकीच्या खाली इंजिन. वर मे महिन्याचं ऊन. राहुरीला पोचल्यावर सावली मिळाली नाही म्हणून गाडी फाटकाबाहेर लावली. मंगलने आग्रह केला म्हणून आधी जेवलो. जेवून झाल्यावर मी वह्या आणल्या. हाताला गरम लागल्या.

मंगलने पहिलं पान उघडलं. मग दुसरं. मग भराभर उलटली. म्हणाली, "दाजी, ह्या कोऱ्याच आणल्या वाटतं चुकून."

मी वही तिच्या हातातून घेतली आणि खिडकीशी नेऊन तिरपी धरली. बॉलपेनने लिहिलेलं असतं तर शाई गेली तरी कागदावर खळगे राहिले असते, बोटाने चाचपून वाचता आलं असतं. पण शांताने दाबच दिला नव्हता. दाब लागू नये म्हणूनच मी वर्षभर झटलो होतो. कागद गुळगुळीत होता. मी मेहुणीसमोर रडलो. तिचं ते पाठीवरून हात फिरवणं मला सहन झालं नाही, पाणीही न घेता निघालो.

येताना पोपटशेठच्या दुकानापुढे गाडी थांबवली. का थांबवली माहीत नाही, भांडायलाच बहुतेक. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "काका, घाबरू नका. प्लास्टिकच्या पिशवीत घालून फ्रीझरमध्ये ठेवा, बर्फाच्या कप्प्यात. गार झाली की शाई परत दिसायला लागते. कॉलेजच्या मुलांच्या नोट्स आणल्यात आम्ही परत."

घरी येऊन फ्रीझरमधलं सगळं बाहेर काढलं आणि वह्या आत ठेवल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी प्रार्थना करून दार उघडलं. पिशवीला बर्फ धरला होता. वही उघडली आणि पहिल्याच पानावर "दूध तापवा" दिसलं. जरा फिकट, पण तिचंच. मी तिथेच स्वयंपाकघराच्या फरशीवर बसलो. बाई परत आल्या असं मोठ्याने म्हणालो, घरात कोणी नसताना.

मग नीट बघितलं तर "दूध तापवा" एकटं नव्हतं. त्याच्या मागे दुसरी ओळ होती, तिच्यात गुंतलेली. पुढच्या पानावर तसंच. त्याच्या पुढच्या पानावरही. मला वाटलं ओल लागून मागच्या पानाची शाई उमटली. चष्मा घातला, तरी उलगडेना. मग डोक्यात प्रकाश पडला. गारठ्याने शाई परत येते म्हटल्यावर ती सगळीच येणार. ठेवलेली कुठली आणि घासून घालवलेली कुठली, हे फ्रीझरला काय माहीत.

रिफिलच्या टोकाची गोळी तपासायचं माझं भिंग होतं, ते आणलं. पहिल्या काही पानांवर खरोखर ऱ्हस्व-दीर्घच होतं. 'औषध'चा ष तिने तीनदा घासून पुन्हा लिहिला होता. मला हसूही आलं. मग एका पानावर "आज बरं आहे" च्या खाली वाचलं, "आज फार वाईट वाटतंय." "मंगलला फोन करा" च्या खाली, "मला एकटीला भीती वाटते." पुढे एके ठिकाणी "पेन छान झालंय" आणि त्याच्या खाली, "पेन पुरे आता." अशी कितीतरी. मिनिट-दीड मिनिट लावून, खांद्यापासून हात ढकलून तिने घालवलेली. मी तिला घालवायची सोय करून दिली होती. खाडाखोडीचं साधं पेन असतं तर ती काट मारून थांबली असती आणि काटेखालचं मला वाचता आलं असतं. त्याच दिवशी. ती असताना.

दोन्ही वह्या वाचायला मला अकरा दिवस लागले. सगळी पानं लागलीच नाहीत. जिथे तिने दोनदा-तीनदा लिहून घालवलंय तिथे नुसता गुंता आहे. ते मी सोडून दिलंय.

दुसऱ्या वहीच्या शेवटाकडचं एक पान मात्र स्पष्ट आहे. तो दिवस मला आठवतो. मी शेडमध्ये तिच्यासाठी आणखी जाड पकडीचं पेन कातत होतो. घरातून ताटलीवर चमचा वाजला. ती तशी बोलवायची. मी मशीन चालूच ठेवून आलो, अंगावर भुसा तसाच. ती लिहीत होती, निम्मं लिहून झालं असावं. मी दारातूनच विचारलं, "काय गं, रिफिल अडकतीये का?" तिने माझ्याकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. मग आधी लिहीत होती ते पुरं केलं, पेन उलटं केलं, मुठीत धरलं, घासलं, आणि तिथेच वर लिहिलं, "हो. थोडी."

भिंगाखाली त्या 'हो. थोडी.' च्या मागे लिहिलंय, "अहो, मशीन बंद करा. माझा हात धरून बसा."

त्या दिवशी मी तिच्या हातातून पेन काढून घेतलं आणि शेडमध्ये गेलो. दोन तास लागले. तेवढा वेळ तिला काही बोलता आलं नाही, तिचं बोलायचं पेन माझ्याकडे होतं. रिफिल मी खोलून बघितली, एक ओळ लिहून शिरोरेघही दिली. उत्तम चालत होती. तरी मी ती बदलली.